वेष आणि गळा



वसंत व्याख्यानमालेत आपण राजकारण, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय वर्षानुवर्षे ऐकत आला आहात. अशा ठिकाणी पॉप गायकांच्या कपड्यांवर एक संध्याकाळ खर्च करावी, हे आपल्यापैकी कित्येकांना रुचणार नाही. गाणे ऐकावयाचे असते, ते डोळे मिटून ऐकले तरी चालते. मग गवयाने अंगात काय घातले आहे याची उठाठेव कशाला, असा त्यांचा प्रश्न असणार. प्रश्न बिनतोड वाटतो. परंतु आपण डोळे मिटतो ते गाणे सुरू झाल्यानंतर. ते ऐकावयास यावे की नाही, हे बहुतेक वेळा डोळे उघडे ठेवूनच ठरविलेले असते.

आपल्याला हे नवीन आहे असेही नाही. नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, यांच्या गळ्याची थोरवी मी सांगावयास नको. परंतु रंगभूमीवर त्यांनी नेसलेली लुगडी, त्यांचे दागिने, त्यांची केसांची ठेवण यांचे अनुकरण त्या काळी चांगल्या घरच्या स्त्रिया करीत असत, हेही आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. शालू, जरतार आणि अत्तरे यांच्यापायी गंधर्व नाटक मंडळी कर्जाच्या खाईत गेली, हे त्याच गोष्टीचे दुसरे अंग. तो खर्च म्हणजे उधळपट्टी होती, की तो गाण्याचाच एक भाग होता, यावर आजही दोन तट पडतील. मी दुसऱ्या तटातला आहे हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मी पुढे काय म्हणणार याचा आपल्याला अंदाज येईल.

पॉप संगीत हे तबकडीवर, छायाचित्रावर आणि दूरचित्रवाणीवर वाढलेले संगीत. त्यामुळे तेथे हा प्रश्न अधिकच तीव्र झाला. १९६२ साली लिव्हरपूलच्या चार पोरांच्या अंगावरची काळी चामड्याची जाकिटे ब्रायन एपस्टाइन या त्यांच्या व्यवस्थापकाने उतरवली आणि बर्कनहेडच्या बेनो डॉर्न नावाच्या शिंप्याकडून त्यांना एकसारखे सूट शिवून दिले. एपस्टाइन हा आपल्या घराण्याच्या दुकानात तबकड्या विकणारा माणूस. हॅम्बुर्गच्या मद्यगृहांत जी जाकिटे शोभत होती ती घालून आलेल्या पोरांना मोठ्या नाट्यगृहाच्या दारात कोणी उभे करणार नाही, हा व्यवहार त्याला चांगला कळत होता. पुढे त्या चौघांचे म्हणजे बीटल्सचे काय झाले हे सर्वश्रुत आहे. जॉन लेनन या सुटांबद्दल नंतर पुष्कळ कुरकुरला. पण सूट त्यानेही घातलाच.

येथे कपडे व्यवस्थापकाने ठरविले होते. मला आज ज्याच्याविषयी विशेष सांगावयाचे आहे त्याने आपले कपडे स्वतः ठरविले, एकदा नव्हे, चार-पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी त्याची बरीवाईट किंमत स्वतःच मोजली. त्याचे बालपण आपल्यापासून फार दूर गेलेले नाही. ते आपल्या सातारा जिल्ह्यात पाचगणीला गेले.

फारुख बलसारा हे त्याचे नाव. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांजिबार. जात पारशी. बलसारा हे आडनावच मुळी बलसारहून, म्हणजे आजच्या वलसाडहून आलेले. वडील बोमी बलसारा झांजिबारच्या उच्च न्यायालयात रोखपाल होते. मुलाला आठव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी बोटीने इकडे पाठविले आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवले. तेथे तो पियानो शिकला, तेथेच सोबत्यांनी त्याला फ्रेडी म्हणावयास सुरुवात केली, आणि तेथेच पाच मुलांनी मिळून 'हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला. त्यात हा पियानो वाजवी. पुढे उभे राहून गाणारा दुसराच होता. हे मी मुद्दाम सांगतो. वरच्या जबड्यात जादा दात असल्यामुळे त्याचे पुढचे दात ओठाबाहेर डोकावत. त्याला त्याची लाज वाटे, आणि ते झाकण्यासाठी वरचा ओठ खाली ओढून घेण्याची त्याची लकब शेवटपर्यंत टिकली. दात काढून घ्यावयास मात्र तो पैसा आल्यावरही तयार झाला नाही. आवाज बिघडेल अशी त्याला धास्ती होती. चेहऱ्यापेक्षा गळा मोठा मानणारा हा माणूस होता, एवढे ध्यानात ठेवून आपण त्याच्या कपड्यांकडे पाहू.

१९६४ साली झांजिबारमध्ये क्रांती झाली, रक्तपात झाला, आणि बलसारा कुटुंब हाती लागेल ते घेऊन लंडनजवळच्या फेल्टमला येऊन राहिले. फारुखने ईलिंगच्या कलाशाळेत चित्रकलेचे आणि रेखांकनाचे शिक्षण घेतले व १९६९ साली तो तेथून बाहेर पडला. जिमी हेंड्रिक्स हा अमेरिकन गिटारवादक त्याचे दैवत. जुन्या लष्करी घोडेस्वाराचा जरीच्या गोफांचा डगला घालून हेंड्रिक्स गिटार वाजवी, आणि हा त्याची चित्रे काढीत बसे. मग रॉजर टेलर या मित्राच्या भागीत त्याने केन्सिंग्टन मार्केटात एक गाळा घेतला. आधी तेथे चित्रे विकली, नंतर जुने कपडे.

या जुन्या कपड्यांच्या गाळ्याला चरित्रकार दोन ओळी देतात आणि पुढे जातात. मला तो विद्यापीठाइतका महत्त्वाचा वाटतो. राजा एडवर्डच्या काळातले लांब कोट, रेशमी गळपट्टे, कोणा मृत उमरावाच्या घरातून आलेल्या मखमली बंड्या असला माल तेथे येई. तो अंगावर चढविताच कारकुनाचा मुलगा आरशापुढे कसा ताठ होतो, त्याची मान कशी वळते, हे असल्या दुकानदाराला दिवसभर पाहावयास मिळते. परदेशात नव्याने आलेल्या, नाव उच्चारताना पुढच्याची जीभ अडखळते अशा तरुणाने ते पाहिले आणि आपल्या मनाशी काही ठरविले असावे, असे मी समजतो. १९७० साली टेलर आणि ब्रायन मे यांच्याबरोबर त्याने जो वाद्यवृंद उभा केला त्याचे नाव त्याने 'क्वीन', म्हणजे राणी, ठेवले. बलसारा हे आडनाव टाकून 'मर्क्युरी' हे घेतले. पुढे जॉन डीकन येऊन मिळाल्यावर चौघांच्या जन्मराशींची चित्रे जुळवून त्याने संस्थानी थाटाचे एक राजचिन्हही स्वतः काढले: दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या आणि वर पंख पसरलेला अग्निपक्षी. पहिली तबकडी निघाली ती १९७३ साली. राज्य मिळण्याच्या आधी राजमुद्रा तयार होती.

मग १९७४ साली तो झँड्रा ऱ्होड्स या वेषकर्तीकडे गेला. तिच्याकडून त्याने जो पांढरा, बारीक चुण्यांचा अंगरखा घेतला त्याच्या बाह्या पंखांसारख्या पसरट होत्या. असला झगा घालून रस्त्यावर गेले तर पोरे मागे लागतील. पण तो रंगमंचासाठी होता, आणि त्याचा उपयोग फार हिशेबी होता. काळोख्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या माणसाला गायकाचा चेहरा दिसत नाही, ओठ दिसत नाहीत. दिसते ती फक्त आकृती. गायकाने हात वर केला की चुणी उलगडते, पांढऱ्या कापडावर दिवा पडतो आणि अंगुळाएवढा माणूस एकदम हातभर होतो. तार स्वर लागण्याच्या क्षणीच हात वर जात असेल, तर तो स्वरही मागच्या माणसाला मोठा झालेला वाटतो. आपल्याकडच्या दशावताराच्या किंवा तमाशाच्या कलावंताला हे कोणी शिकवावे लागत नाही. मर्क्युरीच्या हातातली अर्धी काठीही याच जातीची. ध्वनिक्षेपकाचा उभा दांडा एकदा कार्यक्रमात मध्येच निखळला, तेव्हा त्याने वरचा अर्धा भाग तसाच हातात घेऊन गाणे पुढे चालविले. नंतर ती काठी त्याने कधी सोडली नाही; राजदंड, तलवार, गिटार, जे हवे ते तिचे होई.

१९७५ साली 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आले. जवळजवळ सहा मिनिटांचे गाणे, त्यात मध्येच ऑपेराचा तुकडा. नभोवाणीवर ते कोण वाजवणार, असे जाणकार म्हणत होते. इंग्लंडात ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यासाठी काही तासांत उरकलेली जी चित्रफीत दूरचित्रवाणीवर दाखविली गेली, तिच्या आरंभी काळोखात वर उजळलेले चार चेहरे आहेत. हे चित्र मूळचे मिक रॉक या छायाचित्रकाराने १९७४ च्या तबकडीच्या वेष्टनासाठी घेतलेले, आणि त्याचीही प्रेरणा मार्लिन डिट्रिख या नटीचे एक जुने छायाचित्र. त्या चित्रफितीत मर्क्युरीच्या दंडावर सापाच्या आकाराचे चांदीचे एक कडे दिसते. ते कडे लक्षात ठेवा.

आता एक आक्षेप घेतला जाईल तो मीच घेतो. रेशीम, चमकी आणि उंच टाचांचे जोडे त्या वर्षांत लंडनमध्ये कोण घालीत नव्हते? डझनावारी वाद्यवृंद घालीत होते आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. बरोबर आहे. वेषाने गळा येत नाही. वेषाने होते ते एवढेच, की जोखीम वाढते. साध्या सदऱ्यातला गवई बेसूर झाला तर लोक चुकचुकतात. मुकुट घालून आलेला झाला तर हसतात. मर्क्युरी प्रत्येक वेळी एवढा भडक पोशाख घालून यावयाचा, की त्या रात्री मामुली गाण्याची सोयच राहावयाची नाही. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा विदूषकी घट्ट वेष त्याने १९७७ च्या सुमारास घातला, त्यामागे नृत्यकार निजिन्स्कीचे वेड होते; आणि १९७९ साली तर रॉयल बॅलेच्या नर्तकांबरोबर तो लंडनच्या कोलिझियम नाट्यगृहात एका धर्मार्थ कार्यक्रमात खरोखरच उतरला. नर्तक म्हणून तो कच्चा होता. पण नर्तकांच्या हातांवर आडवा होऊन गाण्याची हिंमत किती गवयांना होईल?

यानंतर आला १९८० चा पालट. लांब केस गेले, रंगविलेली नखे गेली, रेशीम गेले. आखूड केस, चामड्याचे जाकीट आणि वरच्या ओठावर भरघोस मिशा. आपल्याकडे मिशा हे पुरुषार्थाचे चिन्ह. एखाद्या गायकाने मिशा राखल्या तर कोणाचे काय बिघडते, असे आपल्याला वाटेल. परंतु चाहत्यांनी त्याला टपालाने वस्तरे पाठविले, आणि अमेरिकेत तर ते भर कार्यक्रमात रंगमंचावर फेकले. कारण न्यूयॉर्क, सान फ्रान्सिस्को अशा शहरांतल्या समलिंगी पुरुषांत त्या वेळी नेमका हाच वेष रूढ होता, आणि ज्याला ती खूण ओळखता आली त्याला ती आली.

या घटनेचे मर्म काय? लोक गायकाच्या वेषावर हक्क सांगू लागतात. तबकडी विकत घेताना त्यांनी वेष्टनावरचा माणूसही विकत घेतलेला असतो, आणि तो परस्पर बदलला तर त्यांना फसविल्यासारखे होते. डेव्हिड बोवीने हे फार लवकर ओळखले होते. 'झिगी स्टारडस्ट' हे तांबड्या केसांचे पात्र त्याने १९७२ साली उभे केले, आणि ते लोकप्रियतेच्या शिखरावर असतानाच ३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये भर रंगमंचावर निकालात काढले. त्यामुळे बदलणे हाच बोवीचा धर्म ठरला; त्याला कोणी वस्तरे पाठविले नाहीत. मर्क्युरीने तशी पूर्वसूचना दिली नव्हती.

तरीही घाईने निष्कर्ष काढू नये. ज्या वर्षी मिशा आल्या त्याच वर्षी क्वीनची तबकडी आणि 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. अमेरिकेचे दार बंद झाले ते पुढे, आणि त्याला कारणे अनेक: मध्यंतरी निघालेली एक फसलेली तबकडी, कंपन्यांची अदलाबदल. परंतु एक कारण कपड्यांचे होते यात शंका नाही. १९८४ च्या 'आय वाँट टू ब्रेक फ्री' या गाण्याच्या चित्रफितीत चौघेही बायकी वेषात आहेत. मर्क्युरी चामड्याचा आखूड घागरा आणि गुलाबी पोलके घालून, मिशा न काढता, केर ओढण्याचे यंत्र फिरवतो आहे. इंग्लंडात प्रत्येक नाताळात पुरुष म्हाताऱ्या बायकांची सोंगे घेऊन रंगभूमीवर येतात. शिवाय ही सगळी नक्कल तिथल्या घरोघरी पाहिल्या जाणाऱ्या 'कॉरोनेशन स्ट्रीट' या दूरचित्रवाणी मालिकेची होती. इंग्रज पोट धरून हसले आणि गाणे पहिल्या तिनांत गेले. अमेरिकेला ना ती मालिका ठाऊक, ना ती परंपरा. तेथल्या संगीतवाहिनीने चित्रफीत दूर ठेवली आणि गाणे वर चढलेच नाही. १९८२ नंतर मर्क्युरी असलेल्या क्वीनचा अमेरिकेत दौरा झाला नाही. स्त्रीपार्टी नटांची परंपरा ज्यांच्या घरची आहे अशा आपल्यासारख्यांना तो घागरा एक सोंग वाटला असता. तो तेथे कबुलीजबाब वाटला. एकच कापड एका किनाऱ्यावर विनोद ठरते आणि समुद्र ओलांडला की गुन्हा. शिंप्याचा त्यात काही दोष नसतो.

आता १३ जुलै १९८५ चा दिवस घ्या. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी 'लाइव्ह एड' हा प्रचंड कार्यक्रम लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर झाला. समोर सत्तर हजारांवर माणसे, शिवाय जगभर दूरचित्रवाणी. प्रत्येकाला वीसेक मिनिटे. भर दुपार टळलेली, उजेड लख्ख. म्हणजे दिव्यांची कोणतीही करामत चालणार नाही. अशा वेळी हा जुना वेषधारी काय घालून आला? पांढरा गंजीफ्रॉक, फिकट निळी जीनची तुमान, पायांत खेळाडूंचे जोडे आणि दंडाला खिळ्यांचा एक पट्टा. सामान्यतः असे सांगतात की त्या दिवशी त्याने सोंग टाकले आणि गाण्याच्या बळावर मैदान मारले. मला हे पटत नाही. तो गंजीफ्रॉकही तितकाच विचारपूर्वक घातलेला वेष होता. उन्हात रेशीम विटके दिसते, पांढरा सुती कपडा दिसतो. उघडे दंड हवेत गेले की मैदानाच्या टोकापर्यंत दिसतात, आणि सत्तर हजार लोकांना टाळ्यांच्या ठेक्यात बांधावयाचे तर हात दिसलेच पाहिजेत. शिवाय दुष्काळाच्या नावाने जमलेल्या सभेत जरतार शोभली नसती, हे तारतम्य त्याच्यापाशी होते. आपल्याकडे पांढरा झब्बा घालून बसलेल्या गवयालाही आपण साधा म्हणतो. पण त्या झब्ब्याची इस्त्री पाहिली की तोही वेषच आहे हे कळते.

पुढल्या वर्षीच्या दौऱ्यासाठी डायना मोझली या वेषकर्तीने त्याला पिवळे, पट्ट्या-बकलांचे लष्करी थाटाचे जाकीट करून दिले, आणि शेवटी घालावयास लाल झूल व मुकुट. १९७० साली 'राणी' हे नाव घेणाऱ्याने सोळा वर्षांनी मुकुट चढविला, तोही कार्यक्रम संपल्यावर, राष्ट्रगीत वाजत असताना. ९ ऑगस्ट १९८६ ला नेबवर्थ येथे लाखावर लोकांपुढे त्याने ही झूल पांघरली. तो त्या चौघांचा एकत्र शेवटचा कार्यक्रम ठरला.

इतका वेळ मी वेषाने काय दाखविले ते सांगितले. त्याने काय झाकले, हेही सांगितले पाहिजे. मुकुटाखालचा माणूस पारशी आहे, पाचगणीला वाढला आहे, हे त्याच्या हयातीत फार थोड्या लोकांना ठाऊक होते, आणि तोही त्याविषयी क्वचितच बोले. त्या काळच्या इंग्लंडात आपल्याकडच्या माणसाला रस्त्यात काय काय ऐकावे लागे, हे ज्यांचे आप्त तिकडे गेले त्यांना विचारावे. त्याने ओळख लपविली म्हणून त्याला नावे ठेवणारे लोक आहेत. मला ते अन्यायाचे वाटते. एवढे झगमगीत कपडे घातले की त्यामागे काय आहे हे विचारावयाचे लोकांना सुचत नाही, आणि त्याला तेवढा आडोसा हवा होता. खाजगी आयुष्याचेही तसेच. खुणा सगळ्या अंगावर होत्या, वाच्यता मात्र कधी झाली नाही.

आडोसा शेवटी आजारापुढे टिकला नाही. ३० मे १९९१ रोजी त्याने अखेरची चित्रफीत केली. एड्सने शरीर झिजले होते. चेहऱ्यावर रंगाचे जाड लेप द्यावे लागले, आणि चित्र कृष्णधवल ठेवले, म्हणजे कांती दिसू नये. नाचणे नाही, धावणे नाही. पाय जवळजवळ एका जागी. अंगात एका मित्राने दिलेले बिनबाह्यांचे जाकीट होते, आणि त्यावर त्याने पाळलेल्या मांजरांची चित्रे रंगविलेली होती. झूल नाही, पंखांच्या बाह्या नाहीत. घरच्या मांजरांचे जाकीट. एवढ्या सगळ्या वेषांत मला हा सर्वांत हृद्य वाटतो, कारण तो शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी घातलेला नव्हता. २३ नोव्हेंबरला त्याने आजाराची जाहीर कबुली दिली, २४ तारखेला तो गेला. वय पंचेचाळीस. लंडनच्या स्मशानात अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले, आणि तेथे फारुख बलसारा हा माणूस पुन्हा आपल्या लोकांत आला.

२०२३ साली लंडनच्या सदबीज या लिलावगृहाने त्याच्या घरातल्या वस्तू विकल्या. आधी महिनाभर त्या पाहण्यासाठी लोकांच्या रांगा लागल्या होत्या. मुकुट आणि झूल यांना ६ लाख ३५ हजार पौंड आले. मघाशी मी लक्षात ठेवावयास सांगितलेले ते चांदीचे सापाचे कडे ६ लाख ९८ हजार ५०० पौंडांना गेले, म्हणजे मुकुटापेक्षाही अधिक. कडे काही वजनदार नाही, हिरेमाणके जडविलेलेही नाही. पण १९७५ साली घरोघरच्या पडद्यावर लोकांनी त्याला पहिल्यांदा डोळे भरून पाहिले, तेव्हा ते त्याच्या दंडावर होते.